विज्ञानकथा असो की विज्ञानाचं पुस्तक, हातात पेन्सिल घेऊन वाचा

मला बरेच जण विचारतात की तू ही विज्ञानाची पुस्तकं शेवटपर्यंत कशी वाचतेस, आमची तर तिसऱ्या प्रकरणात गाडी अडते आणि मग पुस्तक कपाटात जातं ते जातंच. आणि विज्ञानकथांबद्दल उलटी तक्रार, की सगळं मनातलंच तर असतं, त्यात शिकण्यासारखं काय. दोन्ही तक्रारी मला पटत नाहीत, कारण ही दोन्ही प्रकारची पुस्तकं मी गेली कित्येक वर्षं आलटून पालटून वाचतेय आणि मला त्यातून जेवढा आनंद मिळालाय तेवढा क्वचितच दुसऱ्या कशातून मिळालाय. फक्त वाचायची पद्धत थोडी बदलावी लागते. माझी पद्धत दोन प्रश्नांवर चालते. कथा वाचत असेन तर, लेखकाने उसनं काय घेतलंय? आणि माहितीचं पुस्तक वाचत असेन तर, हे कसं कळलं? एवढंच. पण हे दोन प्रश्न खरोखर पानोपानी विचारले तर वाचन पूर्ण वेगळं होतं.

आधी कथेचं सांगते.

प्रत्येक विज्ञानकथेत लेखक वाचकाकडून एखादी गोष्ट उसनी मागतो. म्हणजे "हे एवढं मान्य कर, पुढचं सगळं मी नियमाने चालवतो" असा तो करार असतो. काळात मागे जाता येतं, माणूस अदृश्य होऊ शकतो, यंत्राला मन आहे, काहीही. तुम्ही काय करायचं, तर पहिल्या वीस-पंचवीस पानांत ही उसनी गोष्ट कुठली ते ओळखायचं आणि पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर एका वाक्यात लिहून टाकायचं. एका वाक्यात लिहिता आली नाही तर दोन शक्यता, एकतर तुम्ही घाईत वाचताय किंवा लेखकालाच नक्की माहीत नाही, आणि दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते. मग पुढे वाचताना बघत राहायचं की लेखक त्या उसन्याचं व्याज फेडतोय का.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे एच. जी. वेल्सची १८९७ ची अदृश्य माणसाची कादंबरी. उसनी गोष्ट एकच, शरीर पारदर्शक होतं. पण मग कपडे तर दिसणारच, म्हणजे त्या माणसाला थंडीत उघडं फिरावं लागतं, बर्फ अंगावर पडला की आकार दिसतो, खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहतं, पापण्या पारदर्शक असल्यामुळे झोपताना डोळ्यांवर चादर ओढून घ्यावी लागते. एका उसन्या गोष्टीतून इतके हाल निघतात आणि त्यातूनच तो माणूस हळूहळू किती एकटा आणि किती क्रूर होत जातो ते आपोआप पटतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा समासात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की "पण मग त्याला दिसणार कसं?" कारण आपल्याला दिसतं ते डोळ्यातल्या पडद्यावर प्रकाश अडतो, शोषला जातो म्हणून, पडदाच पारदर्शक असेल तर प्रकाश आरपार जाईल आणि तो माणूस आंधळा असेल. मला वाटलं लेखक चुकला. मग काही वर्षांनी परत वाचताना एक वाक्य सापडलं, आरशात बघताना त्याला स्वतःचं काहीच दिसत नाही, फक्त डोळ्यांच्या पडद्यामागे धुक्यापेक्षाही फिकट असा रंगाचा अंश उरलेला दिसतो. म्हणजे वेल्सने याचा विचार केला होता आणि अर्ध्या वाक्यात हिशेब मिटवून पुढे गेला होता! तेवढ्या अंशाने नीट दिसेल का हा वेगळा वाद, पण त्या दिवसापासून मी कथेत चूक सापडली की लगेच खोडून न टाकता प्रश्नचिन्ह करते आणि पुढे जाते.

हिशेब करून बघण्यातही एक मजा आहे, आणि त्यासाठी शाळेतलं गणित पुरतं. ज्यूल व्हर्नने १८६५ च्या आपल्या कादंबरीत तीन माणसं तोफेतून चंद्राकडे पाठवली. तोफेची लांबी ९०० फूट, म्हणजे साधारण २७४ मीटर, आणि सुटतानाचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास. आता शून्यापासून ११ पर्यंत वेग एकसारखा वाढत गेला तर सरासरी साडेपाच, म्हणजे २७४ मीटर पार करायला सेकंदाचा विसावा भाग. एवढ्या वेळात एवढा वेग गाठायचा तर अंगावर येणारा भार नेहमीच्या वजनाच्या २२ हजार पटीहून जास्त होतो, ६० किलोचा माणूस तेराशे टनांहून जड. खऱ्या अंतराळवीरांना उड्डाणात तीन-चार पट भार सोसायला ट्रेनिंग लागतं. व्हर्नला धक्क्याची कल्पना होती, त्याने यानाच्या तळाशी पाण्याची गादी ठेवली, पण २२ हजार पटीला पाणी काय करणार. हे गणित करायला मला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत रॉकेट का लागतं, म्हणजे वेग सावकाश, मिनिटा-मिनिटांनी का वाढवावा लागतो, हे जे कळलं ते आयुष्यात विसरणार नाही. आणि त्याच पुस्तकात त्याने तोफ फ्लोरिडात ठेवली, कारण चंद्र बरोबर डोक्यावर येईल अशी जागा विषुववृत्ताच्या जवळ हवी असा त्याचा हिशेब होता. १९६९ मध्ये अपोलो ११ तीन माणसं घेऊन निघालं ते फ्लोरिडातूनच. तिथेही विषुववृत्ताची जवळीक कामी आली, पण कारण दुसरं, तिथे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग जास्त मिळतो. म्हणून चूक सापडली की पुस्तक मिटू नका, चुकीच्या शेजारच्या पानावर एखादं बरोबर उत्तर असतं.

अजून एक कसोटी मी लावते. वाचून झालं की मनातल्या मनात कथेतलं विज्ञान काढून टाकायचं. यानाच्या जागी बोट ठेवा, परग्रहाच्या जागी एखादं बेट, आणि बघा गोष्ट तशीच उभी राहते का. राहिली तर ती साहसकथा आहे, छान असेल, पण तिला विज्ञानाची गरज नव्हती. कोसळली तर खरी विज्ञानकथा. अदृश्य माणसाच्या गोष्टीतून पारदर्शक शरीर काढलं तर हातात काहीच उरत नाही.

आणि शक्य असेल तर लेखकाचं नाव विसरून वाचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली कृष्णविवराची कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून केलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि वाचकानेही तेवढंच करायला हवं, म्हणजे मोठं नाव बघून माफ करायचं नाही आणि अनोळखी नाव बघून बाजूला ठेवायचं नाही.

कथेचं साल मात्र जरूर बघा. १९६५ च्या आधी लिहिलेल्या कथांत बुध ग्रहाची एक बाजू कायम तापलेली आणि दुसरी कायम अंधारात गोठलेली असते, आणि लेखकांनी त्या दोन बाजूंवर सुंदर सुंदर गोष्टी रचल्यात. तेव्हाचे खगोलशास्त्रज्ञ तसंच मानत होते. १९६५ मध्ये रडारने मोजलं तर बुध ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो असं निघालं, म्हणजे कायमची अंधारी बाजू असं काही नाहीच. त्या लेखकांना चुकीचं म्हणायचं का? मी नाही म्हणत. मी वहीत एवढंच लिहिते, "त्या सालच्या विज्ञानाशी प्रामाणिक". माझ्या लेखी विज्ञानकथेला यापेक्षा मोठी दाद नाही.

आता माहितीच्या पुस्तकांकडे येते, इथे खरी मेहनत आहे.

"हे कसं कळलं?" हा प्रश्न विचारायची सवय लागली की पुस्तक आपोआप सोपं होतं, कारण माणूस निकाल विसरतो पण शोध लक्षात ठेवतो. सूर्यात हायड्रोजन आणि हेलियम आहे हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण तिथे कोण गेलं होतं बघायला? १८३५ मध्ये ऑग्युस्त कोंत नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. आणि त्यानंतर २५ वर्षंही झाली नाहीत तोवर किरखॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य तापवलं की त्याच्या प्रकाशात ठरावीक जागी ठरावीक रंगाच्या रेषा येतात, जणू सहीच. मग काय, ताऱ्याचा प्रकाश लोलकातून न्या आणि सह्या वाचा. १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा सापडली, सोडियमच्या रेषांच्या अगदी जवळची पण त्याची नाही, पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही. तिला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम नाव मिळालं, आणि हा वायू पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडलं, विल्यम रॅम्झेला तो युरेनियमच्या एका खनिजातून मिळाला. म्हणजे आधी सूर्यावर सापडला, मग घरी! मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. तर ज्या पुस्तकात लेखक नुसतं "सूर्यात हेलियम आहे" सांगून पुढे पळतो तिथे समासात "कसं?" लिहा, आणि पूर्ण पुस्तकात असे वीस-पंचवीस "कसं?" जमले आणि एकाचंही उत्तर नाही मिळालं तर बिनधास्त दुसरं पुस्तक घ्या. हा नियम मी खूप कडकपणे पाळते.

काही "कसं?" तर बसल्या जागी करून बघता येतात. ताऱ्यांचं अंतर कसं मोजतात ते वाचताय ना, मग एक बोट नाकासमोर धरा, आधी एक डोळा मिटा मग दुसरा. बोट मागच्या भिंतीवर सरकतं. बोट लांब नेलं की कमी सरकतं. पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला असताना जवळचा तारा असाच सरकलेला दिसतो, आणि ते सरकणं बेसेलने १८३८ मध्ये पहिल्यांदा विश्वास ठेवण्यासारखं मोजलं. बोट हलवून बघितलं की ते पान पुन्हा वाचावं लागत नाही.

मोठे आकडे आले की थांबा. लाख, कोटी, अब्ज हे वाचताना डोळा नुसता घसरत जातो आणि डोक्यात काहीच राहत नाही, त्यामुळे मी एक प्रमाण ठरवून टाकलंय, १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. या मापाने सूर्य १४ सेंटीमीटरचा चेंडू, पृथ्वी जेमतेम सव्वा मिलीमीटरचा ठिपका, चंद्र त्या ठिपक्यापासून चार सेंटीमीटरपेक्षा थोडा कमी अंतरावर, आणि सूर्य आपल्यापासून १५ मीटरवर. इथवर सगळं एका अंगणात मावतं. आणि सगळ्यात जवळचा दुसरा तारा? सुमारे ४००० किलोमीटरवर! मधे जवळपास काही नाही. व्हॉयेजर १ हे यान १९७७ पासून चाललंय, सेकंदाला १७ किलोमीटर, त्या वेगाने हे अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील (ते त्या दिशेने जात नाहीये, पण वेग कळावा म्हणून). आता परत कुठलीही अंतराळातली कादंबरी उघडा जिच्यात लोक दोन दिवसांत दुसऱ्या ताऱ्यावर पोहोचतात, तुम्हाला लगेच कळेल की लेखकाने किती मोठी गोष्ट उसनी घेतलीय.

उपमांपासून सावध राहा, हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. चांगला लेखक उपमा देतो आणि ती कुठे तुटते तेही सांगतो, बाकीचे नुसती देतात. गुरुत्वाकर्षण म्हणजे ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवल्यासारखं, हे चित्र जवळपास सगळीकडे असतं. पण गोळा चादरीत खाली का जातो? खालून पृथ्वी ओढते म्हणून, म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच वापरलं. शिवाय आइन्स्टाइनच्या मांडणीत जड वस्तूभोवती जागा आणि काळ दोन्ही वाकतात, त्या चित्रात मात्र नुसती जागा वाकते, काळ वाकलेला दिसतच नाही, आणि आपल्या हातातली वस्तू खाली पडते त्यात मुख्य वाटा काळाच्या वाकण्याचा आहे. विश्व फुगतंय ते फुग्यासारखं, ठीक, पण मग लोक विचारतात फुग्याचा मध्य कुठे, तर उपमेत फक्त फुग्याचा पृष्ठभाग म्हणजे विश्व, आतली हवा उपमेत नाहीच. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, हे तर लहानपणी डोक्यात इतकं घट्ट बसतं की पुढे क्वांटमचं काहीही वाचताना आधी ते पुसावं लागतं, कारण इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरलेल्या वाटेने फिरत नाही. प्रत्येक उपमेखाली एक रेघ मारायची आणि लिहायचं, "इथपर्यंत चालते, इथे तुटते". तुटायची जागा सापडली की समजा विषय कळायला लागला.

शब्दांचंही असंच, आणि मराठीत वाचताना तर जास्तच. बोलताना आपण जोर, ताकद, शक्ती, बळ सगळं एकाच अर्थाने वापरतो, पण पुस्तकात बल वेगळं, ऊर्जा वेगळी आणि शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा ते वेगळं. वजन आणि वस्तुमान, तसंच उष्णता आणि तापमान. प्रकाशवर्षात "वर्ष" आहे म्हणून कितीतरी जण तो काळ समजतात, ते अंतर आहे. आणि सगळ्यात घोळ सिद्धांत या शब्दाचा, बोलताना "ती नुसती थिअरी आहे" म्हणजे अंदाज आहे, पण विज्ञानात सिद्धांत म्हणजे पुराव्यांवर घासून टिकलेली पूर्ण मांडणी. वहीच्या शेवटच्या पानांवर स्वतःचा छोटा शब्दकोश करा, स्वतःच्या वाक्यांत, आणि मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द शेजारी ठेवा, दुसऱ्या भाषेतलं पुस्तक हातात घेतलं की याचा फार उपयोग होतो.

छापलेलं साल इथेही बघायचं, कथेपेक्षा जास्त काळजीने. १९५६ पर्यंतच्या पुस्तकांत माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं ठासून लिहिलेलं मिळेल, मग नीट मोजली तर ४६ निघाली. माणसाची जनुकं एक लाखाच्या आसपास असतील असं मी माझ्या सुरुवातीच्या पुस्तकांत वाचलं होतं, आता आकडा साधारण २० हजार आहे. १९९८ च्या आधीचं विश्वाबद्दलचं पुस्तक म्हणेल की विश्वाचं फुगणं हळूहळू मंदावत असणार, तर निघालं उलटं, ते वाढतंय. म्हणून जुनी पुस्तकं टाकू नका हं, शोध कसा लागला ते जुन्या पुस्तकांत बऱ्याचदा जास्त छान सांगितलेलं असतं. फक्त आकडे नव्या पुस्तकातून घ्या.

मी समासात तीन खुणा करते. पक्कं असेल तिथे सरळ रेघ, अजून तपासलं जातंय तिथे तुटक रेघ, आणि लेखकाचा स्वतःचा अंदाज असेल तिथे गोल. विश्वाच्या बालपणातून उरलेला मंद प्रकाश १९६५ मध्ये प्रत्यक्ष पकडला गेला, सरळ रेघ. गुरुत्वीय लहरी १९१६ मध्ये कागदावर होत्या, २०१५ मध्ये यंत्रात उमटल्या, म्हणजे शंभर वर्षं तुटक आणि मग सरळ. आपल्यासारखी अनेक विश्वं आहेत, गोल. एकाच पानावर तिन्ही येतात आणि लेखक सगळं एकाच ठाम सुरात सांगत जातो, तिथे वाचकाने आपली रेघ आपण मारायची.

गणित आलं की काय? स्टीफन हॉकिंगने १९८८ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की त्याला कुणीतरी सांगितलं होतं, प्रत्येक समीकरणामागे खप निम्मा होईल, म्हणून त्याने एकच ठेवलं, आइन्स्टाइनचं. माझं मत थोडं वेगळं आहे, दोन-तीन साधी समीकरणं असली तर मला बरं वाटतं कारण समीकरण बघून कळतं की काय वाढलं की काय कमी होतं, जे शब्दांत सांगायला पान जातं. पण अडलंच तर तो परिच्छेद मोठ्याने वाचा, मग पुढचं पूर्ण प्रकरण वाचा आणि मग मागे या. लेखक पुढे तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. दोनदा मागे येऊनही नाही कळलं तर तारीख टाकून सोडून द्या, लाज वाटायचं काही कारण नाही.

कथा आणि माहितीचं पुस्तक जोडीने वाचा, हे करून बघाच. कृष्णविवराची कथा वाचलीत तर लगेच कृष्णविवरावरचं सोपं पुस्तक घ्या, यंत्रमानवाची वाचलीत तर मेंदूवरचं. कथेने प्रश्न पेटवलेला असतो म्हणून एरवी जड वाटणारं प्रकरण भराभर जातं.

आणि वाचलं की लिहा. त्याच दिवशी, पुस्तक मिटून, न बघता. कथानक लिहू नका, ते कुठेही मिळतं. कुठे थांबलात, कुठे विश्वास बसला नाही, कुठलं पान वाचून कुणाला तरी सांगावंसं वाटलं, ते लिहा. दुसऱ्यांसाठी लिहिणार असाल तर उसनी गोष्ट सांगितली तरी चालते पण शेवट सांगू नका. "खूप छान आहे" हे वाक्य लिहायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय, त्याऐवजी एका प्रसंगाचं नाव लिहायचं.

प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं ठेवा. मी एका कथेनंतर, कृष्णविवर जवळून कसं दिसत असेल त्याचं चित्र काढून ठेवलं होतं, पेन्सिलने, एक काळा गोल आणि भोवती सगळीकडे सारख्या जाडीचं कडं. १० एप्रिल २०१९ ला साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा पहिला फोटो आला. मी तो छापून त्याच कोऱ्या जागेत चिकटवला. काळा गोल बरोबर होता, पण कडं खालच्या बाजूला जास्त उजळ होतं, कारण तिथला वायू आपल्या दिशेने येतोय. त्याखाली मी लिहिलंय, "कसं कळलं?" आणि पुढच्या पुस्तकाचं नाव.